शास्त्र आणि चावडी

पुण्याहून अहिल्यानगरास, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरास, जाणाऱ्या हमरस्त्यावर पारनेर तालुक्यात सुपा हे गाव लागते. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे इतिहासात ज्याचे नाव झाले ते सुपे बारामतीकडचे; हे सुपा निराळे. मुलूख पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा आणि लहरी. ज्वारी, बाजरी, मूग, मटकी ही येथील जुनी पिके. विहिरीने साथ दिली तर कांदा आणि थोडाबहुत भाजीपाला. अलीकडे मात्र या परिसराचे रूप पालटले आहे. आसपासच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, हमरस्त्यालगत औद्योगिक वसाहत वसली असून तीत जपानी उद्योगांकरिता स्वतंत्र विभाग राखलेला आहे, आणि शेतात जे बी पडते ते पूर्वीप्रमाणे घरच्या कणगीतून न येता बहुधा दुकानातल्या पुडीतून येते. बियाणे, पवनचक्की आणि कारखाना या तिहींच्या मुळाशी कोठल्या ना कोठल्या प्रयोगशाळेत झालेले संशोधन आहे. परंतु ते संशोधन कोणत्या दिशेने जावे, कोणत्या अटींवर बाहेर यावे आणि त्याची जोखीम कोणी उचलावी, याची विचारपूस गावच्या चावडीवर करण्याचा प्रघात आपल्याकडे अद्यापि पडलेला नाही. तो पडावा की न पडावा, आणि पडावयाचा तर कोणत्या रीतीने, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

हा विषय सरकारदरबारचा आहे, घरातल्या मंडळींनी त्यात काय म्हणून लक्ष घालावे, असे कोणास वाटेल. त्यांनी क्षणभर वांग्याचा विचार करावा. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या घरांतून आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण व वांगे बंद होते. पुढे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीस खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखविला म्हणजे वांगे पुन्हा ताटात येते. पारनेर तालुक्यातच पिंपळगाव रोठा येथे कोरठणचा खंडोबा आहे. तेव्हा या भागात त्या दिवसाचे महत्त्व विशेष. वांगे केव्हा खावे आणि केव्हा खाऊ नये याचा इतका बारीक विचार ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, त्या घरांना वांग्याच्या आत काय असावे या प्रश्नावर मात्र काहीच मत असू नये, हे विपरीत होय. आणि हा प्रश्न कल्पनेतला नाही. २०१० साली तो खरोखरच देशापुढे उभा राहिला होता, आणि त्याचा उगम महाराष्ट्रातच होता.

वांग्याच्या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे शेंडे व फळे पोखरणारी अळी. तिच्या बंदोबस्तासाठी शेतकऱ्याला पुनःपुन्हा औषध फवारावे लागते. त्यात पैसा जातो, फवारणाऱ्याच्या प्रकृतीस अपाय होतो, आणि औषधाचा अंश भाजीबरोबर घरात येतो. यावर उपाय म्हणून जालना येथील महिको या बियाणे कंपनीने मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक वांग्यात घातले, जेणेकरून अळीला मारक असे प्रथिन त्या झाडातच तयार व्हावे. जिवाणूच्या शास्त्रीय नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास बीटी वांगे म्हणतात. हीच युक्ती कापसात आधी योजली गेली होती आणि २००२ साली बीटी कापसास सरकारची मान्यताही मिळाली होती. परंतु कापूस अंगावर घालावयाचा. वांगे पोटात जावयाचे. माणसाने भाजी म्हणून खावयाचे असे हे या देशातले पहिलेच जनुकबदल केलेले पीक ठरणार होते.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्र सरकारच्या तज्ज्ञसमितीने या वांग्यास अनुकूल अभिप्राय दिला. एरवी प्रकरण तेथेच संपते. परंतु तत्कालीन पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनी तो अभिप्राय अखेरचा न मानता लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याचे ठरविले. १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या अवधीत कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि बंगळूर अशा सात शहरी जाहीर सभा झाल्या. शेतकरी, शास्त्रज्ञ, वैद्य, ग्राहक, बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी असे सुमारे आठ हजार लोक त्यांत सामील झाले. अनेक राज्य सरकारांनी आपला विरोध लेखी कळविला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्यास तूर्त स्थगिती दिली. शास्त्रज्ञांतच एकमत नाही, चाचण्या स्वतंत्रपणे झालेल्या नाहीत आणि लोकांचा विश्वास बसलेला नाही, अशी त्या निर्णयाची मुख्य कारणे होती. ती स्थगिती उठलेली नाही.

या घटनेस कोणी लोकमताचा विजय म्हणतात, तर कोणी शास्त्राचा पराजय. आम्हांस दोन्ही म्हणणी एकांगी वाटतात. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली याच जातीच्या वांग्यास मान्यता दिली आणि २०१४ पासून तेथील शेतकरी ते लावू लागले. तेव्हा विचारी माणसांनी या प्रश्नाचे उत्तर एकच दिले असे नव्हे. इकडे आपल्याच राज्यात २०१९ च्या जून महिन्यात अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेला, तणनाशकास दाद न देणारा कापूस उघडपणे पेरला आणि तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य आम्हांस हवे, असे सांगितले. म्हणजे ज्यांना नवे बियाणे नको होते त्यांनाही कोणी वेळीच विचारले नाही, आणि ज्यांना हवे होते त्यांनाही विचारले नाही. लोकांना विचारणे म्हणजे नवीन गोष्टीस नकार मिळविणे, असा जो समज आहे तो या उदाहरणाने खोटा ठरतो.

नागपूरच्या सभेचेच पाहा. सुप्याच्या शिवारात दोन वाफे वांगी लावणाऱ्यास नागपूर म्हणजे राज्याचे दुसरे टोक. तो तेथे कशास जाईल? आणि गेला असता तरी त्याच्या हाती काय उरले होते? कंपनीचे काम तोवर जवळजवळ दशकभर चाललेले होते. बी तयार झाल्यावर त्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येणार होते. लग्न ठरले, याद्या झाल्या, कार्यालय घेतले, आणि मग मुलीस विचारले की स्थळ पसंत आहे ना! अशा विचारण्याला आपल्या घरांतून आता कोणी विचारणे म्हणत नाही. हाच प्रश्न दहा वर्षे आधी गावोगावी नेला असता, तर अळीखेरीज शेतकऱ्याच्या आणखी कोणत्या अडचणी आहेत, देशी वाणांचे काय होईल, चाचण्या कोणी कराव्यात, बियाण्याची किंमत कोण ठरविणार, या शंका संशोधनाच्या आरंभीच पुढे आल्या असत्या. आणि त्यांची उत्तरे मिळतील अशा रीतीने प्रयोगांची आखणी करता आली असती. लोकांचा सहभाग हवा तो आरंभी हवा, हे आमचे या लेखातील मुख्य म्हणणे आहे.

यावर सुशिक्षित घरांतून एक आक्षेप हमखास निघतो. शास्त्र बहुमताने ठरत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती, हे हात वर करून ठरवावयाचे काय? आक्षेप रास्त आहे, पण तो निम्म्याच प्रश्नास लागू पडतो. घरातील वडीलधारे माणूस आजारी पडले असता रोग कोणता हे वैद्य सांगतो, तेथे घरच्यांनी मत देण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रक्रिया करावयाची की नाही, त्यातला धोका पत्करावयाचा की नाही, खर्च कोठून करावयाचा, हे वैद्य एकटा ठरवीत नाही; घर ठरविते, आणि शहाणा वैद्य घराला नीट समजावून सांगतो. ‘काय आहे’ हे शास्त्राने सांगावे. ‘काय करावे’ हे ज्यांना भोगावे लागणार त्यांच्यासह ठरवावे. आपल्या देशातील संशोधनाचा मोठा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे पर्यायाने प्रत्येक करदात्यावर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे हा हक्क अधिकच स्पष्ट होतो.

न विचारता लादलेल्या शास्त्राचे फळ काय मिळते हे महाराष्ट्राने पूर्वी एकदा पाहिले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबांच्या हाताखाली कमिटी नेमण्यात आली आणि गोऱ्या सोल्जरांनी घरांत, माजघरांत आणि देवघरांतही शिरून झडत्या घेतल्या. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. विशेष हे की, त्या वेळी सरकारचे शास्त्रही अपुरेच होते. उंदीर पडू लागले की घर सोडून रानात राहावयास जावे, हा लोकांचा अनुभव होता. उलट सामानसुमान जाळणे आणि घरे धुऊन काढणे यांवर अधिकाऱ्यांचा भर होता. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस प्रयोग करून उंदरांवरील पिसवांतून हा रोग पसरतो असे दाखविले; तेव्हा लोकांच्या त्या अनुभवात तथ्य होते असे दिसून आले. याच सुमारास, १८९७ च्या जानेवारीत, मुंबईस हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस तयार करून पहिली टोचणी स्वतःच्या अंगावर घेतली होती. विश्वास मिळविण्याचा तो एक मार्ग आणि झडतीचा तो दुसरा; दोहोंतील अंतर फार मोठे आहे.

सामान्य माणसास इतक्या सूक्ष्म विषयात गती कशी असणार, अशी शंका तरीही उरते. तिचे उत्तर अमेरिकेतल्या एका गावाने देऊन ठेवले आहे. १९७६ साली केंब्रिज या गावी, जेथे हार्वर्डचे विद्यापीठ आहे, जनुके जोडण्याचे तेव्हा अगदी नवे असलेले प्रयोग सुरू व्हावयाचे होते. गावच्या नगरपरिषदेने ते काही महिने थांबविण्यास सांगितले आणि एक समिती नेमली. तीत या प्रयोगांत हितसंबंध नसलेले सामान्य नागरिक घेतले होते. त्यांनी अनेक बैठका घेऊन शास्त्रज्ञांना खोदून खोदून प्रश्न विचारले आणि १९७७ च्या जानेवारीत अहवाल दिला. तो बंदीचा नव्हता. प्रयोग करावेत, पण सुरक्षिततेच्या अमुक अटी पाळाव्यात आणि देखरेख गावाकडे असावी, असा तो होता. आणि त्याप्रमाणे गावाने कायदा केला. त्यामुळे शास्त्र बुडाले नाही. तो परिसर पुढे जीवतंत्रज्ञानाचे जगातले एक मोठे केंद्र झाला. डेन्मार्क देशात १९८७ पासून दहापंधरा सामान्य नागरिकांस एकत्र बसवून, तज्ज्ञांची त्यांच्यापुढे उलटतपासणी करवून, त्यांचा लेखी अभिप्राय घेण्याची रीत सुरू झाली. या ठिकाणी जमाव नव्हता, घोषणा नव्हत्या. वेळ होता, कागद होते आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचे तज्ज्ञांवर बंधन होते.

परदेशची उदाहरणे कोणास परकी वाटतील, तर आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलेच एक सांगतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव सुप्याइतकेच अवर्षणग्रस्त. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील कित्येक कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली होती. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पाणलोटाची कामे होऊन पाणी अडू लागले. परंतु पाणी अडविणे हा त्या गोष्टीचा अर्धाच भाग. दुसरा भाग असा की, गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते, आणि त्यावरून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो. आधी माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी, मग शेतीचे. उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतील हे सर्वांच्या संमतीने ठरते. ऊस व केळी यांसारखी पाणी पिणारी पिके गावाने वर्ज्य केली आणि शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास बंदी घातली. कूपनलिका हे एक तंत्र आहे, आणि ते ज्याला परवडेल त्याने वाटेल तितके वापरावे असे कोणताही दुकानदार सांगेल. गावाने मोजमाप पाहिले आणि आपल्या भूमीस ते परवडणारे नाही असा निर्णय दिला. शास्त्राने आकडा सांगितला, चावडीने निवाडा केला; दोघांनीही एकमेकांची जागा घेतली नाही.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे, श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बी जमवून घरी बियाण्यांची बँक उभी केली. शाळेचे शिक्षण नसताना कोणते वाण कोणत्या जमिनीत तगते, कोणत्यास रोग कमी, कोणते चवीस चांगले, हे ज्ञान त्यांनी राखले, आणि बायफ या संस्थेच्या साहाय्याने ते इतरांपर्यंत पोहोचविले. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांस पद्मश्री जाहीर झाली, आणि श्री. पोपटराव पवार यांसही त्याच वर्षी. सांगावयाचे तात्पर्य हे की, संशोधनाच्या दरबारात सामान्य माणसाने केवळ अर्जदार म्हणून उभे राहण्याचे कारण नाही. त्याच्या पदरीही काही ज्ञान असते आणि ते शास्त्राच्या उपयोगी पडते.

आता सुप्यासारख्या गावास कोणती दारे उघडी आहेत ते पाहू. २००६ च्या पर्यावरण-अधिसूचनेप्रमाणे ठराविक मोठ्या प्रकल्पांस जनसुनावणी आवश्यक आहे. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली होते. मान्यता मिळालेल्या औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांस मात्र त्या अधिसूचनेत काही अटींवर यातून सूट ठेवलेली आहे. तेव्हा वसाहतीशेजारच्या गावाने अधिक जागरूक राहावयास हवे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती नेमून आपल्या हद्दीतील झाडे, वाण व त्यांविषयीचे ज्ञान यांची लोकनोंदवही करावयाची आहे. या कल्पनेमागे डॉ. माधव गाडगीळ यांची मोठी खटपट होती. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क दिला आहे. जनुकबदल केलेल्या पिकाची शेतावर चाचणी घ्यावयाची तर २०११ पासून राज्य सरकारची संमती लागते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. ज्वारीच्या ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ या जाती तेथल्याच. कृषी विज्ञान केंद्रांच्या सल्लागार समित्यांवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही असतात. आणि २३ जुलै २०२४ रोजी जनुकबदल केलेल्या मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मुख्य प्रश्नावर एकमत झाले नाही, तरी या पिकांविषयी राष्ट्रीय धोरण आखावे आणि त्यासाठी संबंधित सर्वांचा सल्ला घ्यावा, यावर ते दोघेही सहमत होते. दारे आहेत; त्यांतून ये-जा नाही, एवढेच.

ही ये-जा कशी सुरू व्हावी? आमची सूचना अगदी साधी आहे. वर्षातून ज्या ग्रामसभा भरतात त्यांपैकी एक सभा प्रश्नांची असावी. ‘आमच्या कांद्याला साठवणीत कोंब का फुटतात?’ ‘कमी पाण्यावर येणारी बाजरी जनावरे का खात नाहीत?’ ‘पवनचक्कीच्या रस्त्याने ओढ्याची वाट बदलली काय?’ असे जे प्रश्न लोकांना खरोखर पडतात ते लिहून काढावेत आणि विद्यापीठाकडे व विज्ञान केंद्राकडे धाडावेत. पुढच्या वर्षी त्यांचे काय झाले हे विचारावे. कोणतीही नवी वस्तू गावात येऊ लागली की तीन गोष्टी विचारण्याची सवय लावावी: हिची गरज कोणाला आहे, हिची परीक्षा कोणी केली, आणि काही बिघडले तर भरून कोण देणार? उत्तर कागदावर घ्यावे. ते न मिळाल्यास २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहेच.

आपल्या वाचकांच्या घरांवर यात एक विशेष जबाबदारी येते. आज आपल्या एकत्र कुटुंबांतून एक मुलगा पुण्याच्या प्रयोगशाळेत, एक सून औषधांच्या कंपनीत, एक पुतण्या परदेशच्या विद्यापीठात, अशी स्थिती ठिकठिकाणी आहे. घरातल्या घरातच शास्त्राची ही माणसे आणि त्या शास्त्राचे फळ भोगणारी माणसे एका पंक्तीस बसतात. तेथे विचारपूस होऊ लागली तर पुष्कळ होईल. ‘तू करतोस ते काय आहे?’ या आजीच्या प्रश्नास ज्याला मराठीत उत्तर देता येत नाही, त्याने आपला विषय आपल्याला तरी नीट कळला आहे काय, हे एकदा तपासून पाहावे. १९२८ साली पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले आणि १९६६ साली मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली ती याच हेतूने, की शास्त्र आपल्या भाषेत यावे. मात्र सुशिक्षितांनी गावात जाऊन गावाच्या वतीने बोलू नये. अहवाल वाचून दाखवावा, कठीण शब्द उलगडून सांगावा आणि मग मुकाट्याने बसून ऐकावे. स्त्रियांचे म्हणणे तर आवर्जून ऐकावे. कारण बी निवडणे, धान्य साठविणे, पाणी भरणे आणि अन्न शिजविणे ही कामे त्यांच्या हातची असता, जनसुनावणीच्या मांडवात बहुधा त्याच मागच्या रांगेत असतात.

यात वेळ जाईल हे खरे. एखादे उपयुक्त बियाणे वर्षभर उशिरा येईल, एखादा कारखाना चार महिने थांबेल, आणि त्या विलंबाची किंमत कोणाला तरी द्यावी लागेल. ती किंमत लहान आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आरंभी न विचारल्याने शेवटी जी स्थगिती, जे खटले आणि जो अविश्वास पदरी येतो, त्याची किंमत अधिक आहे, हे बीटी वांग्याने दाखवून दिले: इतक्या वर्षांनंतरही त्या प्रश्नाचा निकाल इकडे ना तिकडे. सुप्याच्या शेतकऱ्यास अळीचा त्रास होता तसाच आहे, आणि त्याच्या शंकाही होत्या तशाच आहेत. पुढचे संशोधन, मग ते बियाण्याचे असो, पाण्याचे असो की यंत्राचे, सुरू होण्यापूर्वीच त्याला आणि त्याच्या घरच्या बाईमाणसांना विचारले जावे, आणि विचारले जाईल तेव्हा उत्तर देण्याची त्यांची तयारी असावी, यासाठी आपल्या घरांनी हातभार लावावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.